जावईबापूंचं सरळ दार

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, प्रत्यक्ष वाकले तर परत सरळ उभी राहीन याची हमी आता या घरात कोणी देत नाही). इकडे सर्व खुशाल आहेत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं आहे, ते मनावर घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीच्या पित्ताचं काय झालं? डॉक्टरने तिला अजिबात चिडायचं नाही असं सांगितलंय म्हणे. तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या बाईला हा सल्ला देणारा डॉक्टर एक तर फार तरुण असावा, नाही तर बिनलग्नाचा. गोळ्या मात्र वेळेवर घ्यायला सांग.

आता तू म्हणशील, हातात फोन असताना ही बया पत्र का लिहीत बसली. कारण असं आहे की आमच्या घरात सध्या एकाही खोलीला दार नाही. न्हाणीघराला जुना पलंगपोस लावला आहे आणि आत जाणाऱ्याने गाणं म्हणत बसायचं असा नियम केला आहे. (मला गाणं येत नाही, मी पाढे म्हणते.) बाकी दारं भिंतीला टेकवून ओळीने उभी आहेत, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांसारखी. अशा घरात फोनवर काही बोलायचं म्हणजे चव्हाट्यावर बोलण्यासारखंच. आमच्या यांचे कान अजून तिखट आहेत. बाकीचं काय काय शाबूत आहे ते पुढे वाचून तूच ठरव.

तुला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मुळापासून सांगते. अण्णांसारख्या सुताराच्या पोटी जन्माला येऊन तू बँकेत चिकटलास, तेव्हा अण्णांनी आपली सगळी विद्या परक्याच्या पोराला दिली आणि विद्येच्या मागोमाग मुलगीही देऊन टाकली. म्हणजे हे अण्णांचे आधी शिष्य आणि मग जावई. लग्नाच्या वेळी अण्णांनी यांना आपली पाणसळ दिली होती, आठवते? तुला नाही आठवणार, तू जेवणाच्या पंगतीत होतास. लाकडाची लांब पट्टी, मधे काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा बरोबर मधे आला की काम आडव्या रेषेत आहे असं समजायचं. तिच्या एका अंगाला अण्णांच्या नावाची पितळी पट्टी आहे. आमच्या यांनी आयुष्यभर तीच वापरली, आणि नेहमी अण्णांचं नाव बाहेरच्या बाजूला ठेवून. आधी चौकटीची वरची पट्टी पाणसळीने जुळवायची, मग तिच्याशी गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावून उभ्या पट्ट्या. शेकडो घरांची दारं यांनी अशी बसवली. यांचं एक वैशिष्ट्यही होतं. डाव्या हाताची दारं आपोआप बंद व्हायची. लोक खूश, मिस्त्रींच्या दाराला कडी लागत नाही म्हणायचे. उजव्या हाताची दारं आपोआप उघडायची, पण त्याचंही हे कौतुक करून घ्यायचे. अशा घरातली माणसं मोकळ्या मनाची असतात म्हणायचे. असं का होतं हे कोणी विचारलं नाही, आणि यांनी तर मुळीच नाही.

तर गेल्या वर्षी यांच्या मालकांनी मशीन आणलं. एक कॅमेरा तीन पायांवर भिंतीतल्या भोकासमोर उभा राहतो, भोकाकडे टक लावून बघतो आणि तिकडे कारखान्यात मशीन आपलं आपण लाकूड कापून चौकट आणि दार तयार करतं. मग चाकांवरचा एक लोखंडी हात येतो आणि ते उचलून बसवून जातो. आत एआय आहे म्हणे, म्हणजे ते केलेल्या कामावरून शिकतं. त्याला थंड हवेची वेगळी खोली बांधली. त्याच्यासमोर चहा न्यायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही आणि (सुताराच्या कारखान्यात, दादा!) भुसा उडवायचा नाही. एवढे लाड घरच्या माणसाचे कोणी करत नाही, म्हणून आमच्या यांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. स्वतः जावई असून यांच्या वाट्याला अण्णांकडून फक्त करवत आणि शिव्या आल्या होत्या, त्यामुळे त्या नावात थोडी जळजळही होती.

खोटं कशाला बोलू, काम फार चांगलं करतं. पहिल्या दिवशी यांनी त्याने केलेल्या सांध्यात नख घालून बघितलं. नख गेलं नाही. हे घरी आले, जेवले आणि मग बराच वेळ स्वतःच्या नखाकडे बघत बसले. मशीनबरोबर एक चष्मेवाला इंजिनियर आला होता, भला मुलगा, यांना वाकून नमस्कार करायचा. मशीन तुमची जागा घेणार नाही काका, फक्त तुमचा भार हलका करणार, असं त्याने सगळ्यांना जमवून सांगितलं. मग भार हलका होऊ लागला. आधी लाकूड उचलणारे हलके झाले, मग रंधा मारणारे, मग पॉलिशवाला. शेवटी आमचे हे आणि आणखी चार जुने सुतार, एवढाच भार मालकांच्या डोक्यावर राहिला.

आमची लेक शिकलेली. तिने बापाची काळजी मिटवायला आपल्या फोनमधल्या एआयलाच विचारलं की बाबा रे, तू सुतारांची कामं घेणार का? त्याने फार गोड उत्तर दिलं. कसबी कारागिराचा हात, डोळा आणि अनुभव यांची जागा घेणं अवघड आहे, तुमच्या वडिलांनी निश्चिंत राहावं, वगैरे. यांनी ते पुन्हा वाचून घेतलं. मग शेजारच्यांना बोलावून पुन्हा वाचायला लावलं. त्या दिवशी जास्तीचं मागून जेवले. ज्याची भीती त्यानेच अभय दिलं म्हटल्यावर माणूस काय करणार? माझा नवरा दुसऱ्या दिवशी छाती काढून कामावर गेला, आणि तिथेच आमचा घात झाला.

झालं असं की एका नव्या इमारतीच्या लांब व्हरांड्यात अर्धी दारं यांनी बसवलेली होती आणि पुढची अर्धी जावईबापूंनी. यांनी व्हरांड्याच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटला आणि जाहीर केलं की मशीनची दारं वाकडी आहेत. बाकीच्या चौघांनीही एकेक डोळा मिटून बघितलं. खरंच वाकडी! (मी डबा द्यायला गेले होते, मीही बघितलं. मलाही वाकडीच दिसली.) मग काय विचारतोस! या पाचही जणांच्या अंगात इतक्या महिन्यांची वाफ कोंडलेली होती, तिला वाट मिळाली. मशीनला डोळा नाही, मशीनला हात नाही, मशीनला गुरू नाही, जे जे त्याच्यापाशी नाही ते सगळं मोजून दाखवलं. यांनी मालकांना सगळ्यांसमोर सांगितलं, मोजा. मशीनची वाकडी निघाली तर ते परत पाठवा, आमची निघाली तर आम्ही पाचही जण उद्यापासून येत नाही. चौघांना विचारलं नाही रे यांनी! पण चौघांनीही माना हलवल्या. यांच्या शब्दावर त्यांनी आपलं पोट ठेवलं, कारण यांचं काम कधी चुकलं नव्हतं.

मालक वाईट माणूस नाही. मोजूया म्हणाला. त्या चष्मेवाल्याने एक डबी आणली, तिच्यातून भिंतीवर लाल रेघ पडते, उभी आणि आडवी, आणि ती कधी चुकत नाही. त्याने आधी मशीनच्या दारावर रेघ पाडली. चौकटीची कड आणि रेघ एकावर एक, जशी काही चौकटीतूनच उगवली आहे. मग यांच्या दारावर पाडली. वर दोन सूत फरक. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुमच्या बँकेत त्याला कोणी विचारत नसेल. दुसऱ्या दारावर दोन सूत, तिसऱ्यावर दोन सूत, सगळी एकाच बाजूला कललेली, अगदी इमानदारीने. हे म्हणाले, डबी बिघडली आहे. डबी बदलली. मग यांनी पिशवीतून अण्णांची पाणसळ काढून चौकटीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. यांचा चेहरा फुलला. त्या मुलाने शांतपणे विचारलं, काका, ही फिरवून ठेवू का?

दादा, पाणसळीची परीक्षा पोरासोरांनाही येते. एकदा सरळ ठेवायची, एकदा टोकं उलटसुलट करून ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा मधे आला तर ती खरी. आमच्या यांनी स्वतः कितीतरी नव्या पोरांना हे शिकवलं आहे, दुकानातून नवी पाणसळ आणली की आधी फिरवून बघ म्हणून. पण ही त्यांनी कधी फिरवली नाही. एक म्हणजे अण्णांचं नाव भिंतीकडे गेलं असतं. आणि दुसरं म्हणजे गुरूच्या हत्याराची परीक्षा घेणं म्हणजे गुरूची परीक्षा घेणं, असं हे मानत आले. ज्या माणसाने माझ्या हातचं मीठसुद्धा कधी न चाखता मान्य केलं नाही, त्याने एवढ्या एका बाबतीत डोळे मिटून विश्वास टाकला. त्या मुलाने पाणसळ फिरवून ठेवली आणि बुडबुडा एका टोकाला पळाला. बाकीच्या चौघांच्या पाणसळीही तशाच निघाल्या. त्यांनी वेळोवेळी स्क्रू पिळून त्या यांच्या पाणसळीशी जुळवून घेतल्या होत्या, खात्रीची म्हणून.

पाच जण आपापली हत्यारं पोत्यात भरू लागले. मालकानेच म्हटलं की अरे रागाच्या भरात बोललात, एवढं काय. पण ते वरवरचं होतं, आणि थांबा असं काही तो म्हणाला नाही. त्या चौघांपैकी एकाला आम्ही लंबू म्हणतो, तो आता त्याच इमारतीच्या फाटकावर वॉचमन आहे. जावईबापूंची गाडी आली की उठून फाटक उघडतो. आम्हाला रस्त्यात दिसला तर ओळख दाखवतो, हसतोही. यांच्या पायाखालची जमीन त्या हसण्याने सरकते. शिवी दिली असती तर हे घरी येऊन नीट जेवले असते.

पुढचं ऐक. मालकाला यांची दया आली आणि त्याने यांना परत बोलावलं, जावईबापूंच्या कॅमेऱ्याची काच पुसायच्या कामावर. घर चालायला हवं म्हणून हे गेले. मऊ फडकं, विशिष्ट पाणी, गोल गोल पुसायचं. मला येऊन सांगायचे, आज जावईबापूंचं तोंड धुतलं. मी हसायची, कारण हसले नसते तर दोघांनाही रडायची वेळ आली असती. मग काही दिवसांनी एका जुन्या इमारतीतून तक्रार आली की बाकीच्या दारांशेजारी मशीनचं नवं दार वाकडं दिसतं. त्या इमारतीतली जुनी दारं आमच्या यांचीच. त्या चष्मेवाल्याने खटपट करून मशीनला जुन्या दारांचे फोटो दाखवले, काय काय शिकवलं, आणि यांना मोठ्या आनंदाने हाताला धरून बघायला नेलं. मशीनने नवं दार केलं होतं, बरोबर दोन सूत कललेलं. काका, आता ते अगदी तुमच्यासारखं करतं, असं तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट त्याला वाटलं यांना बरं वाटेल. यांनी फडकं घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि घरी आले. म्हणाले, माझं बरोबर होतं ते त्याला आधीच येत होतं, आता माझं चुकीचंही यायला लागलं, मग मी तिथे कशाला? दादा, सुतारांची कामं मशीन घेईल की नाही यावर लेकीच्या ऑफिसात चर्चा भरतात, चहा-बिस्किटं असतात. आमच्या घरात ती चर्चा एवढ्यात संपली.

(लेकीने परत आपल्या फोनला विचारलं. त्याने आधी सहानुभूती व्यक्त केली आणि मग वडिलांनी नवीन कौशल्यं शिकावीत असं सुचवलं, उदाहरणार्थ अशी मशीनं चालवणं. मी तो फोन पिठाच्या डब्यात टाकणार होते. लेकीने हप्त्यावर घेतलाय म्हणून सोडला.)

यांना त्या मुलाने आपली जुनी लेझरची डबी भेट दिली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात लाल रेघ राहायला आली. हे प्रत्येक खोलीत रेघ पाडून बसतात. घरातली सगळी लाकडं यांच्याच हातची, त्यामुळे सगळीच दोन सूत. पलंग, कपाट, ओट्यावरची मांडणी. इतकी वर्षं माझ्या डब्यांची झाकणं एकाच बाजूला का घरंगळायची ते आता कळलं. मी स्वयंपाक करत असताना एकदा पाठीवर रेघ आली. हे मागून म्हणाले, तुझा डावा खांदा उतरला आहे. म्हटलं, तुमच्याबरोबर राहून सगळ्याच गोष्टी कलतात. हसले नाहीत. मग झोपायच्या खोलीचं दार काढून चौकट सरळ केली. सरळ झाल्यावर ती इतकी वाकडी दिसायला लागली की आत जाताना माझं डोकं गरगरायचं. यांचंही गरगरलं. मग तीही काढली, आणि एकेक करून बाकीचीही. आता हे सरळही बसवत नाहीत आणि वाकडीही बसवत नाहीत.

त्यानंतर लोकांच्या घरी जायला लागले. ज्यांच्याकडे दारं बसवली होती त्यांच्याकडे डबी घेऊन जायचं, बेल वाजवायची आणि सांगायचं की तुमचं दार मी वाकडं बसवलं आहे, फुकट सरळ करून देतो. आता मला सांग, तुझ्या दारात असा माणूस आला तर तू काय करशील? एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं, बाळा, माझं दार छान आहे, तू घरी जा आणि झोप. एकाने चोर समजून खालच्या वॉचमनला बोलावलं. एका घरात मशीनने बसवलेलं नवं दार आधीच आलं होतं आणि यांचं जुनं दार जिन्याखाली ठेवलं होतं, ते यांनी हाताने पुसलं आणि परत आले. आता जातही नाहीत. बसून असतात. विचारलं तर उत्तर देतात, जेवायला वाढलं तर जेवतात, पण कशाची चव लागते असं दिसत नाही. परवा आमटीत मीठ घालायला मी विसरले, तरी मुकाट्याने खाल्ली. एरवी या घरात त्यावरून युद्ध पेटलं असतं. मी ताटावरून उठले आणि पलंगपोसाआड जाऊन पाढे म्हटले.

मला भीती वाटते, दादा. एवढं घराबाहेरच्या कोणाला मी सांगितलेलं नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीची एक किल्ली आमच्याकडे असते, ती मी हल्ली कमरेला बांधून ठेवते. गच्चीत वाळत घालायला माझ्याकडे काही नाही, तरी ठेवते. का ते तू विचारू नकोस.

एकदाच मोकळेपणाने बोलले. म्हणाले, पाणसळ अण्णांच्याच हातून बिघडलेली आली असेल तर मी फक्त गुरूवर विश्वास ठेवला, एवढाच माझा गुन्हा. पण लग्नानंतरच्या पहिल्याच कामावर ती माझ्या हातून परांचीवरून खाली पडली होती. नळी फुटली नाही म्हणून मी उचलून पुसली आणि अण्णांना कधी सांगितलं नाही. त्या दिवशी बिघडली असेल तर त्या चौघांचं पोट मी मारलं, आणि अण्णांचं नाव लावून मारलं. मी म्हटलं, एका काचेच्या नळीचं इतकं मनाला लावून घेऊ नका. विषय तिथेच थांबला, पण तो त्यांच्या डोक्यात थांबलेला नाही.

असो. हे पुढच्या रविवारी तुझ्याकडे येत आहेत, चार दिवस राहतील. हवापालट झाला की बरं वाटेल. यांना फार प्रश्न विचारू नका, आणि एआय हा शब्द तुझ्या त्या नातवाला त्या चार दिवसांत उच्चारू देऊ नका. वहिनीला सांग, यांना जरा तिखट जेवण वाढ, चव परत येते का बघ. तिला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो तसाच सरळ राहू दे.

तुझी,
धाकटी

ता.क. : वहिनीचा स्टीलचा डबा यांच्या पिशवीत पाठवते आहे. झाकण आमचं आहे, तिचं हरवलं.

ता.क. : वर हवापालट लिहिलं ते यांनी वाचलं तर असू दे म्हणून लिहिलं. हे पान वेगळं आहे, ते एकट्याने वाच. यांना तुझ्याकडे येऊन राहायची कधी हौस होती, सांग बरं? तुझं घोरणं यांना सहन होत नाही. हे येत आहेत ते तुझ्या बाहेरच्या खोलीतल्या फळीसाठी. ती लांब फळी, जिच्यावर तू बँकेने दिलेलं घड्याळ आणि न वाचलेली पुस्तकं ठेवतोस. ती अण्णांनी माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात ठोकली होती, याच पाणसळीने. यांच्याकडे येण्याआधीचं तिचं ते शेवटचं काम. फळी तशीच कललेली निघाली तर पाणसळ अण्णांच्या हातातच बिघडलेली होती. सरळ निघाली तर ती यांच्या हातून पडून बिघडली. हे डबी घेऊन येत आहेत आणि तू जेवणानंतर आडवा झालास की रेघ पाडणार आहेत.

ता.क. : फळी सरळ आहे. मागच्या महिन्यात मी वहिनीला बघायला आले होते ना, तेव्हा तुम्ही आत असताना मी तिच्यावर एक गोटी ठेवून बघितली. जागची हलली नाही. एखाद्या गोटीचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

ता.क. : आता नीट वाच. पाकिटात लाकडाची एक पातळ चकती आहे, म्हणून ते फुगलं आहे. फळीच्या लांबीच्या हिशेबाने जाडी मी बरोबर काढली आहे आणि हे बाहेर गेले असताना यांच्याच रंध्याने तासली आहे. जुन्या पाटाच्या तुकड्यातून केली, काजळी आणि तेल चोळलं, वर पलंगाखालची धूळ लावली, म्हणजे अण्णांच्या वेळची दिसेल. फळी खालून दोन लोखंडी कोनांवर बसवलेली आहे. डाव्या कोनाचा स्क्रू (डावा म्हणजे तू फळीकडे तोंड करून उभा राहिलास की डावा, पाठ करून नव्हे) सैल कर, कोन आणि फळी यांच्यामधे चकती सरकव, स्क्रू परत आवळ. डावीच बाजू वर उचलली गेली पाहिजे, यांची सगळी कामं तशीच कललेली आहेत. घड्याळ आणि पुस्तकं आधी उतरव. तुझ्या हातून आजवर एकही स्क्रू धड बसलेला नाही हे मला माहीत आहे. वहिनीला धरायला सांग, ती तुझ्यापेक्षा बरी. झाल्यावर गोटी ठेवून बघ, उजवीकडे पळाली पाहिजे. गोटी पाठवली आहे.

ता.क. : तू म्हणशील, अण्णांनी ठोकलेली सरळ फळी मी वाकडी करायची? होय, करायची. आयुष्यभर नावाजलेल्या माणसाला त्याच्या मुलीने मेल्यावर खोटं ठरवलं, असंच होणार आहे ते. अण्णा फार रागावतील. त्यांच्याशी काय ते मी वर गेल्यावर बघून घेईन. सध्या मला हे इथे हवे आहेत.